चार वाजता उघडायचं पान

लिफ्ट बनवणाऱ्या त्या कारखान्यात चिमीला सगळे ‘मशीनवाल्या बाई’ म्हणत. तशी तिथे मशीनं शेकड्यांनी होती, पण तिचं मशीन म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या गारढोण खोलीतला कपाटाएवढा संगणक, मेनफ्रेम. हजेरी, रजा, गोदामातला माल, सगळं त्याच्या पोटात. त्याला सांभाळायला पूर्वी सात माणसं होती. आता ती एकटी उरली होती. चिमी हे तिचं घरातलं नाव. कारखान्यात ते एकच माणूस वापरायचा, तिचा दादा. तो खाली दारांच्या खात्यात वेल्डर होता.

सोमवारी सकाळी आठलाच साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि दार लोटलं.

“आज चार वाजता कामगारांसाठी एक पान उघडायचंय. कुणाला कमी केलं त्याची यादी. पाच हजार माणसं एकदम तुटून पडतील. बाकीचे सर्व्हर मान टाकतील, तुमचं मशीन टिकेल.”

“आपल्या मेनफ्रेमवरचा वेब सर्व्हर फक्त प्रोग्रॅम चालवतो, साहेब. साधी तयार पानं दाखवायला तो कधी लावलेलाच नाही.”

“मग आज लावा.” साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. “आणि चारच्या आधी यातली नावं कुणाला कळता कामा नयेत. तुमचा भाऊ खाली आहे, ते मला माहीत आहे. म्हणून तर सही घेतोय.”

तिने सही केली. नोकरी तिलाही हवी होती. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या.

खोलीत येऊन तिने कामाला हात घातला. पानांसाठी वेगळा फोल्डर केला. अमुक पत्ता कुणी मागितला तर या फोल्डरमधली फाइल द्यायची, अशी ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घातली आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पडद्यावर उत्तर आलं, परवानगी नाही. फोल्डर तिच्या नावावर होता, सर्व्हरला तो उघडताच येत नव्हता. वाचण्यापुरती परवानगी दिली. मग पान आलं, पण अक्षरांचा नुसता चिखल. मेनफ्रेम अक्षरं आपल्या जुन्या सांकेतिक पद्धतीने ठेवतो आणि बाहेरच्या ब्राउझरला ती कळत नाही. फाइल कोणत्या पद्धतीत आहे ते सर्व्हरला सांगायचं राहून गेलं होतं. तेही सांगितलं.

अकरा वाजत आले होते. या वेळी अक्षरं लख्ख उमटली. तोवर तिने यादीकडे यादी म्हणून पाहिलंच नव्हतं. सगळी अक्षरं नीट आलीत ना, हे बघायला ती एकेक ओळ खाली उतरत गेली. दारांचं खातं आलं. चौथ्या ओळीत दादाचं नाव होतं, तिच्या माहेरच्या आडनावासकट.

तिने पान पुन्हा मागवलं. सर्व्हरने तेच पान तसंच आणून दिलं.

जेवायच्या सुट्टीत ती खाली कँटीनमध्ये गेली. जाऊ नये, हे कळत होतं, पण पाय वळले. दादाने नेहमीसारखी बाकावर तिच्यासाठी जागा धरली होती. बाजूच्या दोघांना तो सांगत होता, “मला कसली धास्ती? माझी बहीण वर बसते. तसं काही असतं तर हिने सांगितलं नसतं?”

ते दोघे हसले आणि डबे विसळायला उठले.

“दुसऱ्या गावच्या कारखान्यासाठी फोरमन नावं घेतोय,” दादा म्हणाला. “दोनपर्यंत. जो जायला तयार त्याचं नाव कपातीच्या यादीत असलं तरी वगळणार म्हणे.”

चिमीचा घास हातातच राहिला. हे तिला वर कुणी बोललं नव्हतं.

“मग दे ना नाव.”

“का गं? तुला काही कळलंय?”

तो तिच्याकडे बघत होता. भुवयांवर ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते. तिला ती सही आठवली, सासूबाईंची औषधं आठवली.

“नाही रे. आपलं उगीच. दिलेलं बरं असतं.”

“उगीच कशाला? पोरीचं दहावीचं वर्ष. तुझी वहिनी मला घरात घेणार नाही.” त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. “तू फार काळजी करतेस, चिमे.”

तो हात धुवायला गेला. दोनला अजून पाऊण तास होता. तो सगळा वेळ ती वर खुर्चीत बसून राहिली. फोनला दोनदा हात लावला, दोनदा मागे घेतला. मग दोन वाजून गेले.

चार वाजता तिने पत्ता खुला केला. पहिल्या मिनिटातच हजारो जणांनी पान मागितलं. मेनफ्रेमने एकालाही ताटकळत ठेवलं नाही. साहेबांनी फोन करून तिचं कौतुक केलं.

पाच वाजता ती फाटकाशी उभी राहिली. दादा आला, हातात डबा आणि हातमोजे. तो तिच्यासमोर थांबला.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“जेवताना?”

तिने होकारार्थी मान हलवली. सहीचं सांगायला तिने तोंड उघडलं, पण तो ऐकायला थांबलाच नाही. बसस्टॉपकडे चालू लागला. तिच्या हाकेला त्याने वळून पाहिलं नाही.

पुढच्या दिवसांत तिने त्याला चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी वहिनीनेच उचलला आणि तो बाहेर गेलाय म्हणून सांगितलं. बाराव्या दिवशी ती घरीच गेली. दार दादानेच उघडलं. एका शटरवाल्याकडे रोजावर काम लागलंय, पोरगी अभ्यास करतेय, हे तो शांतपणे सांगत राहिला. सासूबाईंची चौकशीही केली. वहिनी चहा ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

“दादा, मी त्या दिवशी—”

“चहा निवतोय,” तो म्हणाला.

ती निघाली तेव्हा तो जिन्यापर्यंत आला. याआधी तो कधी तिला सोडायला उठलेलाही नव्हता. बसल्या जागेवरून ‘दार ओढून घे गं’ म्हणायचा.

“पुढच्या वेळी आधी कळवून या,” तो म्हणाला.

तिने पायऱ्या उतरायला सुरुवात केली. तो तिला कधीच अहो-जाहो करत नसे.