एक जूनची माणसं

"चौघंही एक जूनला जन्मले?" खिडकीतल्या बाबूने चारही पासपोर्ट पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला. "एका आईची तर दिसत नाही तुम्ही."

तो हिंदीत बोलत होता, पण टोमणा कोणत्याही भाषेत कळतो. खिडकीबाहेरचे चौघं एकमेकांकडे बघायला लागले. निजामोद्दीन, सिद्धराम, बिलाल आणि ग्यानोबा. चौघांच्या अंगात पांढरे शर्ट, चौघांच्या खिशाला निळं पेन, चौघांचा भांग डावीकडून. लग्नात बँडवाले उभे राहतात तसे दिसत होते, फक्त वाजवायला काही नव्हतं.

काठमांडूत एका आखाती देशाची ही कचेरी. गुरुवार, सकाळचे साडेअकरा. खिडकी एक वाजता बंद होणार होती. शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि शनिवारी एक जून. त्या दिवशी ग्यानोबा कागदोपत्री चाळीस वर्षांचा होणार होता. फरशी बसवणारा माणूस कंपनीला चाळिशीच्या आतला लागत होता. आज व्हिसाचा शिक्का बसला तर नोकरी, नाही तर उलटी गाडी लातूर.

त्यामुळे ग्यानोबाचे पाय काही जागेवर राहत नव्हते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कोंबडा उभा असावा तसा तो एक पाय ठेवत होता, एक उचलत होता. सकाळी लॉजच्या भिंतीवर नेपाळी कॅलेंडर बघून तर त्याचा जीवच गेला होता. त्यावर साल होतं दोन हजार एकोणसाठ. त्याने मनात हिशेब केला तर वय निघालं सत्त्याण्णव. निजामोद्दीनने समजावलं की इथली सालं निराळी असतात, तेव्हा कुठे त्याने चहा प्याला.

आताही समजावण्याचं काम निजामोद्दीनकडेच आलं. देगलूरचा जुना फरशीवाला, चार गावचं पाणी प्यालेला माणूस. त्याने बाबूला सांगितलं की आमच्याकडे पोराचा जन्म कोणी लिहून ठेवत नाही. शाळा जूनमध्ये उघडते, पोराला सहा वर्षं पुरी पाहिजेत, म्हणून गुरुजी दात मोजतात, डोक्यावरून हात नेऊन कान धरायला लावतात आणि एक जून लिहून टाकतात. अर्धा जिल्हा एक जूनचा आहे. आमच्या गावात त्या दिवशी वाढदिवस करायचा म्हटलं तर केक तहसीलदाराला वाटावा लागेल.

"मग खरा जन्म कधीचा?"

"अम्मी म्हणायची, हुरड्याच्या दिवसात," निजामोद्दीन म्हणाला. "हुरड्याची तारीख कुठून आणू साहेब?"

बाबूला हुरडा कळला नाही. त्याने एकेकाला पुढे बोलवायचं ठरवलं, आणि इथेच खरा घोटाळा सुरू झाला. कारण चौघंही क्लास लावून आले होते.

लातुरात तेव्हा कशाचाही क्लास निघत होता. हरिओम सरांनी आधी गणिताचा काढला होता. तो चालला नाही, कारण शेजारच्या सरांची पोरं बोर्डात येत होती आणि ह्यांची पोरं नुसती घरी येत होती. मग त्यांनी परदेशी नोकरीचा क्लास काढला. मुंबईत नंबर लागायला जुलै उजाडेल, काठमांडूत एका दिवसात काम होतं, हा शोध त्यांचाच. पत्र्याच्या खोलीत त्यांनी प्लायवूडची खिडकी ठोकली होती. तिच्यामागे स्वतः बसायचे आणि पुढे चौघांना उभं करायचे. वीस प्रश्न, वीस उत्तरं, छापील गाइड. रोज पाठांतर, रविवारी चाचणी, सोमवारी फळ्यावर निकाल. ग्यानोबा तिन्ही चाचण्यांत पहिला आला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो कशात तरी पहिला आला होता, आणि सिद्धरामने त्या खुशीत त्याच्याकडून भजी उकळली होती.

अडचण एकाच प्रश्नात होती. प्रश्न अकरावा, घरी कोण कोण आहे. गाइडातलं उत्तर असं: घरी पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सगळे सुखरूप.

सिद्धरामला पाच मुली होत्या. सर म्हणाले, चार विसर. बिलालचं तर लग्नच व्हायचं होतं, पण त्यालाही गाइडने बायको दिली, आणि तो ते उत्तर म्हणताना दरवेळी लाजायचा. ग्यानोबा मात्र उभाच राहिला होता.

"सर, मला कुणीच न्हाई," तो म्हणाला होता. "भूकंपात गेले. मी रानात जागलीला होतो म्हणून राहिलो."

सरांनी हातातलं गाइड मिटलं. माणूस वाईट नव्हता, पण क्लासचालक होता. म्हणाले, "गाइडमधलं म्हण ग्यानोबा. घरी कोणी नाही म्हटलं की त्यांना वाटतं हा तिकडंच राहील. मार्क कापतात."

म्हणून ग्यानोबाने पाठ केलं. फॉर्म स्वतःच्या हाताने भरायचा असतो म्हणून बायको-पोरांची नावंही इंग्रजीत गिरवली. उज्ज्वला, पंढरी, गुणा. स्वतःचं धरून चार नावं, त्याला येणारं सगळं इंग्रजी एवढंच. पहिल्या दिवशी तो दहाव्यावरून सरळ बाराव्यावर गेला. आठवड्याने अकरावाही म्हणायला लागला. तिसऱ्या आठवड्यात तर तो क्लासला सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा आणि सर म्हणायचे, पहिल्यापासून म्हण, तर हा सरळ अकराव्यापासून सुरू व्हायचा.

त्याला लातूर सोडायचं होतं ते पैशासाठी नव्हे. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांवर निजामोद्दीनच्या हाताखाली तो फरशी शिकला. घरं संपली तेव्हा होस्टेलं सुरू झाली. क्लासला येणाऱ्या पोरांसाठी गल्लोगल्ली चार-चार मजले उठत होते. फरशी वाळायच्या आत पोरं ट्रंका घेऊन दारात यायची. मिसरूड फुटलेली, आईने दिलेला लाडवाचा डबा धरलेली. पंढरी सात वर्षांचा होता. आज सोळाचा असता. ग्यानोबा प्रत्येक पोराची उंची बघायचा आणि मग त्याला त्या खोलीत थांबवत नसे. दोन वर्षांत त्याने सात ठिकाणची कामं अर्धी टाकली होती. निजामोद्दीनने ती पुरी केली आणि एक दिवस म्हणाला, ग्यानबा, अशा मुलुखात जाऊ जिथं होस्टेल नाही.

तर आता खिडकीशी पहिला सिद्धराम गेला. घरी कोण, बाबूने विचारलं. घरी पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सगळे सुखरूप. बाबूने मान डोलावली. निजामोद्दीन गेला. घरी पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सगळे सुखरूप. बाबूने मान डोलावली नाही. बिलाल गेला, त्याने तेच म्हटलं आणि लाजला. बाबूने पेन खाली ठेवलं.

"तारीख एक. शर्ट एक. पोरंही एकसारखी. बायको तरी वेगळी आहे का?"

रांगेतले लोक हसले. बाबूने तिघांच्या फायली बाजूला सरकवल्या आणि सांगितलं की हे रविवारी बघू, मुंबईला विचारावं लागेल. तिघांचं ठीक होतं. सिद्धराम तिशीतला, बिलाल पंचविशीचा, आणि निजामोद्दीनला गुरुजींनी दात मोजताना तीन वर्षं लहान धरलं होतं. त्यांचा रविवार उजाडणार होता. ग्यानोबाचा उजाडणार नव्हता.

घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. निजामोद्दीनने ग्यानोबाच्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी पुटपुटला, "गाइड सोड आता. खरं बोल."

ग्यानोबा खिडकीशी गेला. बाबूने विचारलं, घरी कोण? त्याने तोंड उघडलं, आणि तीन आठवड्यांचं पाठांतर आपोआप बाहेर पडलं. घरी पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. पुढचे दोन शब्द मात्र आले नाहीत.

बाबू हसला. आता चोर हातात आला अशा थाटात त्याने फाइल उलटी केली. हरिओम सरांचं एक तत्त्व होतं, जेवढे कागद तेवढं वजन, म्हणून ग्यानोबाच्या पिशवीत होते नव्हते तेवढे सगळे कागद त्यांनी टाचणीने जोडून दिले होते. रेशनकार्ड, पुनर्वसनाच्या घराचा कागद, मतदार यादीची झेरॉक्स. बाबू वाचत गेला. देवनागरी त्याला येत होती. मग त्याच्या हाताला तीन सारखे कागद लागले.

"हे बघा," तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "इथंही तिघांची तारीख एकच. तीस सप्टें…"

आणि तो थांबला. कागदाच्या माथ्यावर मृत्यूचा दाखला असं छापलं होतं. त्याने पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्यावर वयाच्या रकान्यात पाच वर्षं लिहिलं होतं. त्याने चष्मा काढला.

"ती तारीख खरी हाय साहेब," ग्यानोबा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. "बाकी समदं गुरुजींनी लिव्हलेलं हाय."

"मग खोटं का सांगितलंस?"

"पाठ केलं होतं," ग्यानोबा म्हणाला. मग म्हणाला, "रोज म्हणायला मिळायचं."

आतून कोणीतरी ओरडून विचारलं की खिडकी बंद करायची का. बाबूने मागे न बघता हात वर केला आणि थांब म्हणाला. मग तो ग्यानोबाशी हळू आवाजात बोलला. फॉर्ममध्ये खोटी माहिती असेल तर मला शिक्का मारता येत नाही. हयात नसलेल्यांची नावं खोडायची, बाजूला सही करायची, मग फॉर्म बरोबर होईल. आजच होईल.

त्याने फॉर्म फिरवून पुढे सरकवला. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत तीन नावं होती, एकाखाली एक.

ग्यानोबाने खिशातलं पेन काढलं. नऊ वर्षं त्याने दोरी धरून हजारो फरश्या सरळ रेषेत बसवल्या होत्या, हात कधी हलला नव्हता. आताही हलला नाही. त्याने पासपोर्टची कड पट्टीसारखी नावांवर धरली आणि डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. मग दुसरी. तिसरीला जरा वेळ लागला. शेजारी त्याने सही केली आणि फॉर्म परत दिला.

बाबूने तो उजेडाकडे धरला. रेघा अगदी सरळ होत्या, आणि इतक्या बारीक की तिन्ही नावं त्यांच्याखालून नीट वाचता येत होती. ठळक खोडायला सांगावं म्हणून त्याने मान वर केली. खिडकीबाहेर ग्यानोबा पेनचं टोपण लावत होता.

बाबूने तिन्ही नावं सावकाश वाचली आणि शिक्का उचलला.