कापलेल्या शब्दांचं शेपूट

पी ओट माझ्यावर पाळत ठेवतो, याची मला खात्रीच पटली होती. वयाने मोठ्याला इथे थायलंडात, चियांग माईत, पी म्हणावंच लागतं म्हणून म्हणते. एरवी त्याचं नाव घ्यायचीही इच्छा नव्हती. सकाळी मी यायच्या आधी हा ऑफिसात हजर. विचारलं तर म्हणे, दारातल्या वास्तुदेवाच्या देवळीत लाल सरबत ठेवायला येतो. मोठा आलाय भाविक! माझ्या प्रोग्रामच्या चाचण्यांच्या फाइली मात्र कुणीतरी उघडून पाहिल्याची खूण रोज सापडायची, आणि ते कुणीतरी म्हणजे हाच.

आमची छोटी कंपनी एक प्रोग्रामिंगची भाषा बनवते. तिच्यात स्ट्रिंग ॲरे, म्हणजे शब्दांची रांग, कशी ठेवायची ते काम माझं. थाई लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळं एकमेकांना चिकटलेलं. म्हणून मी युक्ती काढली. शब्द तोडून वेगळे लिहायचेच नाहीत. मूळ मजकूर आहे तसा राहू द्यायचा आणि रांगेत नुसत्या खुणा ठेवायच्या, शब्द इथून इथपर्यंत. वेग असा की बघत राहावं. पी ओट मात्र हटून बसला, प्रत्येक शब्दाची वेगळी नक्कल करा. का, म्हटलं की "मला ते पटत नाही," एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. तो हसलाही नाही.

माझ्या जिवाला दुसराच घोर होता. सिंगापूरच्या एका कंपनीशी माझं बोलणं चाललं होतं, पक्कं काहीच नव्हतं. आमच्या मालकीणबाई पी नुआन, त्यांना ते आताच कळलं असतं तर तेलही गेलं नि तूपही गेलं. शिवाय त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं शिकवलेलं, तोंड कसं दाखवणार? आणि हल्ली पी ओट मधूनच विचारायचा, "फाई, तुझं सगळं ठीक आहे ना?" याला काय करायचंय? वास लागलाय मेल्याला, आता माझी रांग पाडणार आणि वर चहाडीही करणार, असं मी धरूनच चालले.

निर्णयाच्या दिवशी बाहेर रानं जाळल्याचा धूर दाटला होता, खिडक्या बंद. पी नुआननी त्याला शेवटचं विचारलं, कारण सांग, नाहीतर फाईचीच रांग भाषेत जाईल. त्याने माझ्याकडे पाहिलं. आता हा ओकणार, मी मनात म्हटलं.

"कारण काही नाही," तो म्हणाला. "पण नक्कल करा."

हरायला आलाय आणि तरी तोंड उघडत नाही, हे मला खटकलं. मी मुकाट्याने माझी चाचणीची फाइल काढली. आईला पाठवलेल्या निरोपाची सुरुवात नमुन्याला घेतली होती, "आई जेवलीस का", तेवढीच. पण तीन शब्दांची फाइल एवढी फुगली कशी? आतलं कच्चं रूप उघडून वाचलं. खुणा तीनच शब्दांच्या, पण त्या ज्याच्यावर केल्या तो अख्खा निरोप मागून आला होता. सिंगापूर, मुलाखत, पी नुआनना कळता कामा नये, सगळं. एक केळं देतेय म्हणून मी मिरवत होते आणि देत होते अख्खा घड.

पी ओटने ते केव्हाच वाचलं होतं. कारण सांगायचं तर त्याला मला उघडं पाडावं लागलं असतं.

गप्प राहिले असते तर रांगही माझीच आणि सिंगापूरही माझंच. पण उद्या कुठल्या दवाखान्याने रोग्याचं नुसतं नाव पाठवायचं आणि मागून त्याचा सगळा आजार जायचा. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. मी फाइल भिंतीवरच्या पडद्यावर लावली आणि म्हटलं, "पी नुआन, कारण हे आहे."

पी नुआननी शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला आणि पी ओटला विचारलं, तुला हे माहीत होतं का?

तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "अगं बावळट, मी इतके दिवस तोंड शिवून बसलो ते कशाला?"