अकरा माद्या

पिल्लं घरी आली तेव्हा एकेक पिल्लू खारकेएवढं होतं. तीसच्या तीस बुटाच्या खोक्यात मावली. उल्हासनगरहून रिक्षाने येताना खोकं मांडीवर होतं, आणि पुठ्ठ्यातून त्यांची ऊब लागत होती तशी मला घरी ठेवून आलेल्या छकुलीची आठवण येत होती. ती तेव्हा सात महिन्यांची होती.

उल्हासनगरला बायकांसाठी जपानी लाव्हे पाळायचा वर्ग निघाला होता. शिकवणाऱ्या मालिनीबाईंनी अट घातलेली. प्रत्येकीने तीस पिल्लं घरी नेऊन वाढवायची, सातव्या आठवड्यात त्या येऊन बघणार. निदान दहा माद्या धडधाकट असल्या आणि अंडी सुरू झाली असली, तर वर्गातर्फे मोठा पिंजरा आणि पुढची शंभर पिल्लं. नाहीतर नाव कमी.

मला तो पिंजरा हवा होता. छकुली पोटात होती तेव्हा कारखान्यातलं शिवणकाम सुटलं, आणि तेव्हापासून मी सगळ्यांच्या वेळेवर उठत-बसत होते. हे एक काम असं दिसलं की ते पोर काखेत घेऊन करता येईल आणि तरी माझं असेल.

भगवंता, म्हणजे माझा नवरा, कंपनीतून आला, खोक्यात डोकावला आणि म्हणाला, "हे काय, झुरळं आणलीस काय?" पण रात्रपाळीला जायच्या आधी त्यानेच टीव्हीच्या मोठ्या खोक्यात शंभराचा बल्ब लटकवून दिला.

माझ्या सासूला आम्ही सगळे आत्या म्हणतो. नाव गयाबाई. सगळं आयुष्य कुळगावला गेलं, आणि तिथे तिच्या अंगणात कधी कोंबड्या नव्हत्या असं झालं नाही. शिवमंदिराच्या बाजूच्या आमच्या चाळीत ती छकुलीसाठी येऊन राहिलेली. पिल्लं बघून ती म्हणाली, "लाव्हे तं आमच्या शेतान भुर्रकन उडायचे. त्यांना कोन घरान पालतं? आनि आई नाय यांना?"

"आई म्हणजे हा बल्ब, आत्या."

"बरी आई हाय. वीज गेली का मेली."

शुक्रवारी वीज जायचीच. मग मी सलाइनच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, त्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवायची. पिल्लं त्यांना चिकटून झोपायची, एकमेकांच्या अंगावर चढून. छकुली दुपारची झोपली की माझा तासभर त्यांचा. खाद्य पिठाच्या चाळणीने चाळायचं, कारण मोठा दाणा त्यांच्या चोचीत मावायचा नाही. पाण्याच्या झाकणात गोट्या टाकायच्या, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून बुडणार नाही. खाली वर्तमानपत्र घालायचं नाही, पाय घसरून फाकतात, त्याऐवजी गोणपाट. हे सगळं वर्गातून मिळालेल्या कागदावर छापलेलं होतं. तरी पहिल्या आठवड्यात दोन गेली. त्यातलं एक पाण्यात बुडून नाही, दाणा अडकून नाही, नुसतंच गेलं. आत्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "तू नको बगूस," आणि बाहेर घेऊन गेली.

कागद मी एकदा तिला मोठ्याने वाचून दाखवू लागले तर ती हसली. "मना कागद नको वाचूस गो. पन्नास वरसं कोंबड्या पालल्या मी. छापनाऱ्यानं किती पालल्या, त्याला इचार."

मी कागद घडी करून फळीवर ठेवला. तिचं चुकत नव्हतं. छकुलीला तिने ज्या हातांनी न्हाऊ घातलं होतं, त्या हातांना मी काय शिकवणार होते?

तिसऱ्या आठवड्यात पिल्लांना पिसं आली. छातीवरून मला नर-मादी ओळखता यायला लागली. छाती तांबूस आणि एकरंगी तो नर. फिकट आणि वर काळे ठिपके ती मादी. मी दुपारी एकेक हातात घेऊन मोजलं. अठ्ठावीसमधल्या अकरा माद्या. दहाला एक जास्त. त्या दिवशी मी मालिनीबाईंना फोनवर आकडा कळवला आणि छकुलीला उचलून दोनदा गोल फिरवलं.

मग मोठं खोकं गेलं आणि गॅलरीत जाळीचा पिंजरा आला. घाबरले की लाव्हे सरळ वर उडतात आणि डोकं फोडून घेतात, म्हणून मी जाळीच्या आत वरच्या बाजूला जुनं लुगडं ताणून बांधलं. सहाव्या आठवड्यात नर घसा खरवडल्यासारखे ओरडायला लागले. शेजारच्या सिंधी भाभी म्हणाल्या, "तेरे बटेर को खाँसी हो गई है क्या?" नर एकमेकांची डोकी टोचून रक्त काढत होते. रात्री जेवताना मी सहज बोलून गेले, की कागदावर लिहिलंय, तीन माद्यांना एक नर पुरे, बाकीचे कमी करायला हवेत.

आत्याने मान हलवली. "ते खरं लिवलंय."

दोन दिवसांनी नणंदेच्या सासरची माणसं बदलापूर गावाहून जेवायला यायची होती. त्याच सकाळी छकुलीला डोस द्यायला मी दवाखान्यात गेले. रांग मोठी होती. परत आले तेव्हा बारा वाजून गेलेले.

आत्या मोरीत पाटावर बसली होती. समोर विळी, परातीत तीन सोललेले लाव्हे. चौथा तिच्या मांडीवर पदरात धरलेला, जिवंत. पाणी सांडलेलं तसंच होतं. ती काही करत नव्हती, नुसती परातीकडे बघत होती.

"आत्या?"

"मी मोठे बगून काढले," ती म्हणाली. "कोंबडा मोठा असतो ना. म्हटलं, तुझं काम हलकं करावं. तुझ्या माद्या मग सुखान राहतील."

मी परातीत पाहिलं. तिसऱ्या पक्ष्याच्या पोटातून तिने पिवळ्या बलकांचा घोस काढून बाजूला ठेवला होता. एक मोठा, हरभऱ्याएवढा. मग वाटाणा, मूग, मोहरी, असे लहान होत गेलेले. आणि एक अंडं कवचासकट, ठिपके धरलेलं. बहुतेक त्याच दिवशी बाहेर आलं असतं.

लाव्ह्यांत मादीच मोठी असते. हे फळीवरच्या कागदात होतं, मलाही ठाऊक होतं. मीच सांगितलं नव्हतं.

"पयल्या दोघींत पन होतं," आत्या म्हणाली. "मना वाटलं, चरबी हाय. तिसरीत बगितलं तवा हात थांबला."

छकुली माझ्या खांद्यावर सुई टोचल्यामुळे कुरकुरत होती. मला रडू आलं नाही. राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी तिच्या पदरातली चौथी मादी काढून पिंजऱ्यात सोडली. अकरातल्या आठ राहिल्या. पाहुण्यांना डाळ-वांगं केलं. त्या तीन माद्यांचं आत्याने काय केलं, मी विचारलं नाही.

घाबरलेल्या माद्यांनी अंडी दिलीच नाहीत. तीन, चार, पाच दिवस. मी गोणपाटाचा आडोसा केला, भगवंताला गॅलरीत विडी ओढायला बंदी केली. तो म्हणाला, "माझ्यापेक्षा त्यांची बडदास्त जास्त," आणि जिन्यावर जाऊन ओढायला लागला. सातव्या दिवशी संध्याकाळी पहिलं अंडं दिसलं, चिंचोक्याच्या रंगाचं, शाई शिंपडल्यासारखं. दुसऱ्या दिवशी चार.

पण माद्या आठच. आणि मालिनीबाई सोमवारी येणार होत्या.

भगवंता म्हणाला, "भिरभिरत असतात साल्या, कोण मोजतंय? अकरा म्हणून सांग." खरं सांगते, मीही तसंच ठरवलं होतं.

मालिनीबाई आल्या, पाणीसुद्धा न घेता गॅलरीत गेल्या, आणि एकेक पक्षी हातात घेऊन छाती बघायला लागल्या. "आठ?" त्या म्हणाल्या. "तिसऱ्या आठवड्यात तर तुम्ही अकरा सांगितल्या होत्या."

मी काही बोलायच्या आत आत्या छकुलीला कडेवर घेऊन दारात आली. "तीन मी कापल्या," ती म्हणाली. "नर समजून. ही घरान नव्हती. तिचं नाव नका कमी करू, माझं करा."

"तुमचं नाव यादीत नाही, आजी."

"मंग घाला आनि कमी करा."

मालिनीबाई हसू दाबत वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. मग त्यांनी अंड्यांची वाटी उचलली, एक अंडं उजेडाकडे धरलं, खाली ठेवलं. "पक्षी चांगले वाढवलेत," त्या मला म्हणाल्या. "नियम दहाचा आहे. शंभर नाही देता येणार. पन्नास देते, आणि पिंजरा लहान. चालेल?"

मी मान हलवली.

"पण एक विचारते," त्या आत्याकडे वळल्या. "आता या घरात पक्ष्यांचं कोण बघणार? दोघी बघाल तर पुन्हा घोटाळा."

आत्याने छकुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"ही," ती म्हणाली. "मी हिच्या हाताखाली."

नवी पिल्लं गुरुवारी आली. मी बल्ब लावत होते, तेवढ्यात आत्या चाळणी घेऊन माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आदी पानी ठेवू का दाना?" तिने विचारलं.

"आधी पाणी," मी म्हटलं.