सहा तारा, चार तेलं

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि कहाणी सुरू करण्याआधीच बजावून ठेवते: हातात वेफर्सची पिशवी असेल तर ती खाली ठेवा. तुमच्याच भल्याचं सांगतेय. पुढचं वाचून घास तोंडातल्या तोंडात फिरला तर मला बोल लावू नका.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. अंग हलक्या लाकडाचं, मान कडक लाकडाची, मानेवर गडद तपकिरी पट्टी आणि त्या पट्टीवर धातूचे बावीस आडवे पडदे. पोटात तारांचा थरथराट पकडणारे दोन चुंबकी पिकअप. मला लाल रंग देणारी बाई पांढरे हातमोजे घालून यायची. माझा केवढा मान! मला वाटलं, सगळी माणसं मला अशीच हाताळणार. ती मोजे घालायची ते स्वतःचे हात रंगू नयेत म्हणून, हे फार उशिरा कळलं.

दुकानातून मला घेतलं ते आत्याने. ती भिंगरीची आत्या. भिंगरी कोण ते सांगतेच पुढे. आत्या तेव्हा कॉलेजात होती आणि मित्रमैत्रिणींबरोबर एका रिकाम्या गोदामात वाजवायची. काय वाजवायची म्हणून सांगू! समोर बसलेले लोक म्हणायचे, "काय बोटं आहेत हिची!"

त्या बोटांवर काय आहे, ते मलाच ठाऊक होतं. एक गाणं वाजवायचं, मूठभर वेफर्स खायचे, बोटं चाटायची, की पुढचं गाणं. मीठ, तेल, घाम आणि थुंकी! सगळं माझ्या मानेवर. पडद्यांच्या कडेला त्याची काळपट रेघ साचायला लागली. तो माझ्यावरचा पहिला थर. कौतुकाने अंगावर काटा यायचा आणि किळसेनेही यायचा. कुठला काटा कशाचा, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

मग काही वर्षांनी आत्याला दूरच्या गावी नोकरी लागली. जाताना तिने मला धाकट्या भावाच्या हवाली केलं. "जपा हं हिला," एवढंच म्हणाली.

त्यांनी जपलं हो. जपूनच माझी वाट लावली.

त्या घरात पुढच्या खोलीत भावाचं, म्हणजे भिंगरीच्या बाबांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान आणि मागच्या खोलीत वहिनीचं, म्हणजे तिच्या आईचं, शिलाई मशीन. दोघंही आपापल्या कामात पक्की. पण दोघांचा धर्म एकच: काहीही कुरकुरलं की तेल सोडा. दार कुरकुरलं, तेल. कात्री अडली, तेल. कुलूप, पंखा, छत्री, सगळ्यांना तेल. मुलगी अभ्यासाची कुरकुर करायला लागली तेव्हाही बाबा म्हणाले होते, "हिच्या डोक्यावर दोन थेंब सोड गं."

एकदा एका पाहुण्याने मला स्पीकरला जोडलं. आवाजाचं बटण फिरवलं तशी मी खर्र खर्र बोलले. धूळ होती आत, दुसरं काही नाही. पण पाहुणा गेल्यावर आईने मशीनच्या तेलाची लांब चोचीची बुधली आणली आणि बटणाच्या फटीतून चांगली पाच-सहा वेळा पिचकारी मारली. विजेच्या बटणात तेल! ते आत पसरलं आणि कोपऱ्यात साचून बसलं. हा दुसरा थर. आठ दिवसांनी बाबांना माझ्या खुंट्या जड वाटल्या, म्हणजे डोक्यावरच्या त्या, ज्या पिळून तारा सुरात आणतात. त्यांनी सायकलच्या साखळीला लावायचं काळं ग्रीस बोटाने फासलं. हा तिसरा. आणि वर एकमेकांना सांगितलंसुद्धा नाही! दोघांनाही वाटलं, आपण गुपचूप उपकार केले.

मग मला कपाटावर ठेवलं. उघडी. मागच्या खोलीत दिवसभर कापड कातरलं जायचं. त्याचे बारीक-बारीक तंतू उडायचे आणि येऊन माझ्या ग्रीसवर बसायचे. सात वर्षांत माझ्या डोक्यावर करडी, चिकट लोकर उगवली. आरशात बघायची सोय नव्हती, हे एक बरं.

शेवटी मला खाली काढलं ते भिंगरीने. भिंगरी म्हणजे या घरातली मुलगी. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही म्हणून घरात-शाळेत सगळे तिला भिंगरीच म्हणतात. तेव्हा ती आठवीत होती. मला पोटाशी धरून ती खोलीभर नाचली. मला वाटलं, सुटले! पण रक्त कुठे जाणार? पट्टीचं लाकूड कोरडं दिसलं म्हणून ही पठ्ठी स्वयंपाकघरात गेली आणि कढईत उरलेलं तळणाचं तेल फडक्याने माझ्या मानेला चोळून आली.

चौथा थर. तळणाचा!

महिन्याभरात ते आंबट, कुबट वासाला लागलं. पट्टी चिकट झाली. मुंग्यांनी रांग लावली: भिंतीवरून टेबलावर, टेबलावरून माझ्या मानेवर, सातव्या पडद्यापाशी जेवण, तिथून परत. आणि भिंगरी त्या मुंग्या फुंकरीने उडवायची आणि वाजवायची! दीड वर्षं ती रोज वाजवत होती. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे आणि मी तिच्या मांडीवर. माया होती, नाही कसं म्हणू? पण मायेला नखं कापायला कोणी सांगायचं?

आणि मग त्या सोमवारी आत्याचा फोन आला.

"रविवारी येतेय गं," आत्या म्हणाली. फोन स्पीकरवर होता, सगळे ऐकत होते. "माझी गिटार कशी आहे?"

"मस्त!" भिंगरी म्हणाली. "मी रोज वाजवते."

"तू वाजवतेस? बघू मग. जपलेली असेल तर ती तुझीच, कायमची. पण हाल केले असतील तर घेऊन जाणार. माझ्या मैत्रिणीच्या खानावळीत भिंतीवर लावायला तिला तशी एक हवीच आहे. तळणीच्या वरची भिंत मोकळी आहे म्हणे."

तळणीच्या वर! मित्रांनो, माझ्या सहाही तारा आपोआप सैल पडल्या.

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "वन्सं बोलल्या म्हणजे करतातच."

"त्यात काय," बाबा म्हणाले. "एकदा तेल सोडून चकाचक..."

"बाबा, थांबा!" भिंगरीने मला उजेडात धरलं. बहुधा पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट बघितलं. बोट पट्टीवर ठेवलं, उचललं. चट्‌ असा आवाज आला. बोट हुंगलं. "ईऽऽ! हे मी केलंय?"

चौघांनी मिळून, हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं. आत्या धरून तिघी आणि एक बाबा.

मंगळवारी तिने शाळेच्या संगीताच्या बाईंना विचारून सगळं वहीत लिहून आणलं. तारा काढल्या. त्या इतक्या गंजल्या होत्या की तिच्या बोटांना नारिंगी रंग लागला. मग माझ्या पाठीचं झाकण उघडलं, आणि किंचाळून मला पलंगावर टाकून ती खोलीबाहेर पळाली.

आई धावत आली. "काय झालं गं?"

"आई, आत झुरळ आहे!"

"मग मार."

"मेलेलंच आहे! तेलात चिकटून मेलंय! एक पाय वेगळाच पडलाय! आणि शेजारी अंडी आहेत, तपकिरी, डब्यासारखी! शी शी शी!"

हो मित्रांनो. पाच वर्षं मी ते पोटात वागवत होते. आता वाटलं ना काहीतरी? मला रोज वाटायचं.

आईने वाकून बघितलं. झुरळाकडे नाही, तेलाकडे. तिचा चेहरा पडला. "हे... हे माझ्या मशीनचं तेल आहे," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे तूही?" दारातून बाबा बोलले आणि लगेच जीभ चावली.

"तूही म्हणजे?" आईने वळून विचारलं. "खुंट्यांना ते काळं कोणी फासलं? मी समजत होते, वन्संनीच लावलंय!"

खुंट्या, बटण, पट्टी. तिघं आळीपाळीने एकमेकांकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. शेवटी भिंगरीने कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, "रविवारपर्यंत या घरात माझ्या परवानगीशिवाय कोणीही, कशालाही, तेल सोडायचं नाही. दाराला पण नाही!"

पुढचे चार दिवस मी काय सोसलं आणि काय सुख भोगलं, ते माझं मला माहीत. तिने नाकाला रुमाल बांधून चिमट्याने झुरळ काढलं. पिकअपवर कागदी चिकटपट्टी लावली, कारण त्यांतलं चुंबक घासताना उडणारा लोखंडाचा बारीक कीस ओढून घेतं. मग जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने पट्टी खरवडायला घेतली. सुरळ्या निघाल्या! वर तिच्या तळणाची पिवळट, मधे करड्या धाग्यांची आणि सगळ्यांत खाली, पडद्यांना चिकटून, काळी, खारट, जुनी. ती आत्याची होती. भिंगरीने तो सगळा मळ कागदावर गोळा केला. बोराएवढा गोळा झाला. माझ्याच अंगावरचा, तरी मला उलटी यायची बाकी होती.

स्टीलच्या बारीक लोकरीने पडदे घासले तसे ते चांदीसारखे निघाले. लाकूड खरोखरच तहानलेलं होतं. आणि गंमत बघा, वहीत त्यावर उपाय लिहिला होता तो आईच्याच मशीनच्या तेलाचा! पण दोनच थेंब, तेही फडक्यावर, आणि लगेच पुसून घ्यायचे. आई म्हणाली, "बघ, तेल वाईट नव्हतंच." भिंगरी म्हणाली, "जागा चुकली होती, आई." आणि मापही.

येत्या वाढदिवसाच्या ड्रेसऐवजी आताच मागून घेतलेल्या नव्या खुंट्या तिने बसवल्या. तेलाने मेलेलं बटण बदललं. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकलेलं सोल्डरिंग तिथे कामी आलं. मग स्पीकरमधून येणारी घूंऽऽ अशी घरघर घालवण्यासाठी पोटाच्या पोकळीला आतून तांब्याचा पातळ चिकटपत्रा लावायचा होता. भिंगरीने दोन तुकडे चुरगळून वाया घालवले. आईला बघवेना.

"हे तर अस्तर आहे," ती म्हणाली. "असं अंदाजपंचे लावतात का कुठे? सरक." तिने वर्तमानपत्राचा साचा काढला, वळणावर चिरा दिल्या आणि तो पत्रा माझ्या पोटात असा बसवला की एक सुरकुती नाही. घरघर बंद! एवढं मऊ अस्तर तर कारखान्यानेही दिलं नव्हतं.

शनिवारी नव्या तारा चढल्या, पण खर्जाची तार पडद्यांवर करकरायला लागली. मानेच्या आत एक लोखंडी गज असतो. त्याचा नट फिरवून मान सरळ करायची. बाबा पाना घेऊनच आले.

"पाव फेरा, बाबा! एका वेळी त्याच्या वर नाही. मान मोडेल."

"मला पाव फेरा शिकवतेस?" बाबा हसले. "माझा जन्म गेला चाकांचा आऊट काढण्यात." वाकडं चाक सरळ करताना ते प्रत्येक तारेला नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात आणि मग केसभर पिळतात. तसंच त्यांनी मला वाजवलं, कान लावला, पाना पाव फेरा फिरवला. पुन्हा ऐकलं. अजून अर्धा पाव. करकर गेली.

"हं," ते म्हणाले, आणि सवयीने हात तेलाच्या डब्याकडे गेला. भिंगरीने नुसतं बघितलं. हात मागे आला.

रविवारी आत्या आली. मधल्या वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच, खणखणीत. भिंगरीने मला स्टँडवर उभं केलं होतं. आत्या प्लेटमधले वेफर्स खात माझ्याभोवती एक चक्कर मारून आली.

"खुंट्या नवीन?"

"हो."

"पट्टी स्वच्छ आहे. माझ्या वेळीसुद्धा इतकी नव्हती." (ते मला सांग!) "दे बघू. वाजवून बघते आणि मग ठरवते."

आणि तिने हात पुढे केला. तोच हात, तीच बोटं. त्यांवर मीठ चमकत होतं आणि तर्जनीला वेफर्सचा चुरा चिकटला होता. माझ्या नव्या तारा शहारल्या. आई बाबांकडे बघायला लागली, बाबा जमिनीकडे. वन्संना कोण बोलणार? आत्या नाराज झाली की संपलंच, मी थेट तळणीवर. भिंगरी माझ्यासमोर आडवी उभी राहिली.

"आत्या, आधी हात धू."

"काय?"

"हात. साबणाने. तुझा थर काढायला मला अख्खा दिवस लागलाय."

आत्याने स्वतःची बोटं वर धरून बघितली, सावकाश, एकेक करून. मग ती मोरीत गेली. नळाचा आवाज आला. बराच वेळ आला.

ती पदराला हात पुसणार तेवढ्यात भिंगरीने धुतलेला नॅपकिन पुढे केला. आत्याने तो घेतला आणि हसली.

"आता वाजवून बघायची गरजच नाही," ती म्हणाली. "ठेव. तुझीच आहे. पण मी एक गाणं वाजवू का? तुझी परवानगी असेल तर."

तिने वाजवलं. स्वच्छ बोटांनी वाजवणारी आत्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. अंगावर काटा आला, आणि या वेळी तो कशाचा आहे याबद्दल मला जराही शंका नव्हती.

मित्रांनो, मला हार नको, काचेचं कपाट नको. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल, नाहीतर पेटी, कीबोर्ड, कोणीही असेल, तर वाजवून झाल्यावर एक कोरडं फडकं फिरवा. आत काय आहे ते कळत नसेल तर विचारा. तेल सोडू नका. आणि वाजवायच्या आधी... ते राहू द्या. हात दाखवा बघू. दोन्ही. आता उलटे करा.

शी!