दाराकडची चार भोकं

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि जरा हाललात की करकरतो, तेवढं सांभाळून घ्या. तुम्ही चौघं माझ्यावर दाटीवाटीने बसून डबे उघडलेत, पण मला केलं होतं दोघांसाठी. तेही कोणत्या दोघांसाठी, तर राज्याच्या विधानसभेतल्या दोन आमदारांसाठी! सहलीत तुम्हाला आत्ता जे चकचकीत सभागृह दाखवलं ना, त्यात मी तीस वर्षं होतो. आता बाहेरच्या बोळात भिंतीला पाठ लावून उभा आहे. तुमची जेवणं होईपर्यंत माझी गोष्ट ऐका. घाईने सांगतो आहे, कारण तुमची बस थोड्या वेळाने परत निघायची आहे.

मला सुतारकाकांनी केलं. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. आमदार साठ, म्हणून बाक तीस. त्यांतला मी तिसावा, उरल्यासुरल्या फळ्यांतून जमवलेला. माझ्या पाठीवर ही गाठ दिसते ना, ती त्यामुळेच. ती पाहून कोणीतरी नाक मुरडलं, तेव्हा काका म्हणाले होते, "गाठीचं लाकूड हट्टी असतं. तेच टिकतं." एवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं.

सभागृहाच्या एका बाजूला खिडक्या होत्या, दुसऱ्या बाजूला दार, आणि मधे सहा पावलांची वाट. ज्यांचे आमदार जास्त निवडून येत, ते खिडकीकडे बसून राज्य चालवत. बाकीचे दाराकडे बसून त्यांना जाब विचारत. चिडलेल्या माणसाच्या हाती बाक लागू नये म्हणून काकांनी आमचे पाय जमिनीच्या फळ्यांना स्क्रूने आवळून टाकले होते. गिरमिटाने भोकं पाडताना मात्र त्यांनी ती दोन्ही बाजूंना पाडली. माझ्या चार पायांसाठी चार भोकं खिडकीकडे, चार दाराकडे. मी वाटेला अगदी लागून होतो. त्यामुळे निकाल थोडा जरी फिरला, तरी पहिला मीच उचलला जायचो.

निकालाच्या दिवशी काका आपल्या कामाच्या खोलीत रेडिओ लावत आणि भिंतीवर खडूने रेघा ओढत. दोन आमदारांमागे एक रेघ, म्हणजे एक बाक. पहिल्या खेपेला गळ्यात जांभळी पट्टी घालणाऱ्या पक्षाचे बत्तीस आले, पिवळ्या पट्टीवाले अठ्ठावीस. पुढच्या खेपेला पिवळे चौतीस झाले आणि जांभळे सव्वीस, म्हणजे दाराकडचा एक बाक खिडकीकडे हवा. काकांनी माझे स्क्रू काढले, मला सहा पावलं पलीकडे नेलं आणि दुसऱ्या भोकांवर बसवलं. रिकाम्या भोकांत धूळ साचू नये म्हणून ते त्यांत कापसाचे बोळे घालून ठेवत. "आज ना उद्या लागतील," असं म्हणत.

त्या काळी दोन-चार आमदार जरी रुसले, तरी राज्य डळमळायचं. म्हणून सगळे जपून वागत. एका मंत्र्यांनी एकदा फार हुशारी केली होती. दाराकडच्या माइकचा आवाज त्यांनी गुपचूप कमी करून घेतला, म्हणजे विरोधकांचं बोलणं ऐकूच यायला नको. पुढच्या निवडणुकीत तेच दाराकडे आले आणि माझ्यावर बसले. तावातावाने भाषण केलं, पण शब्द कोणाला ऐकू येईल तर शपथ! करावं तसं भरावं. सगळं सभागृह हसलं, शेवटी तेही हसले. दुसऱ्या दिवशी माइक दुरुस्त झाला आणि पुन्हा कोणी त्याला हात लावला नाही. प्रत्येकाला ठाऊक होतं की उद्या आपल्यालाही दाराशी बसावं लागेल. ती भीती फार चांगली होती, मित्रांनो.

मग एक नर्सबाई निवडून आल्या. नदीपलीकडच्या दवाखान्यात त्यांनी वीस वर्षं नोकरी केली होती. त्या पिवळ्यांच्या, म्हणून दाराकडे, माझ्यावर बसत. पहिल्याच दिवशी त्या उठून म्हणाल्या, "नदीवरच्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला भेग गेलीय. माझा हात मनगटापर्यंत आत जातो. मंत्रीसाहेबांनी येऊन आपला घालून बघावा."

मंत्री हसले. हसता हसता त्यांनी आपल्याच बाकांकडे पाहिलं, तर तिथले चार जण हसत नव्हते. मंत्र्यांचं हसू मावळलं. पंधरा दिवसांत इंजिनियर पुलावर पोहोचले, खांबाला लोखंडी टेकू लागला, ट्रक आणि डंपरला बंदी झाली. नवा पूल होईपर्यंत बंदी राहील, असं मंत्र्यांनी कबूल केलं. सुतारकाकांचं घर नदीपलीकडेच होतं आणि त्यांची नात त्याच पुलावरून बसने शाळेत जायची. त्या दिवशी काकांनी मला दोनदा पॉलिश केलं.

नवा पूल काही झाला नाही. बाई दर अधिवेशनात विचारत, आणि त्या विचारतात म्हणून निदान टेकू तरी जागेवर राहिला, बंदीही राहिली.

नंतर वारं फिरलं. पिवळे आपसांत भांडत बसले. जांभळ्यांच्या गाण्यांनी रस्ते दणाणले. जो तो म्हणू लागला, हवा त्यांचीच आहे. निकालाच्या दिवशी मी दुरुस्तीसाठी काकांच्या खोलीत होतो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत पाहिलं. खिडकीकडच्या रेघा वाढत वाढत भिंत संपली आणि कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या भिंतीवर गेल्या. दाराकडे एक रेघ उभी होती आणि एक अर्धी. सत्तावन्न आणि तीन. काका हातात खडू धरून नुसते उभे होते.

दारातून शिपाई म्हणाला, "असं काय तोंड पाडताय, काका? तुम्हीपण जांभळ्यांनाच दिलंत ना मत?"

"दिलं की. सगळेच देत होते. म्हटलं, आपल्या एकट्याच्या मतानं काय होतंय."

रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते. काकांनी रेडिओ बंद केला, पण रेघा पुसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सचिवसाहेब आले. "तीसही बाक आता अर्धगोलात लावा, सगळे अध्यक्षांकडे तोंड करून. सत्तावन्नांना एकोणतीस बाक लागतात, एक वर राहतो, तोही तिकडेच घ्या. त्या तिघांना खांबामागे खुर्च्या टाका."

"बरं, साहेब."

"आणि दाराकडची भोकं कायमची बुजवून टाका. लाकडी खुंट्या ठोका, सरस भरा, वरून पॉलिश. खूण दिसता कामा नये."

"पण साहेब, पाच वर्षांनी परत लागतील ना?"

"कोणाला?" साहेबांनी शांतपणे विचारलं. जाता जाता साहेब दारात थांबले. "तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय, काका? दीड वर्ष ना? मग उगाच कशाला प्रश्न."

काकांनी कामाला हात घातला. चौदा बाकांची छप्पन्न भोकं होती. खुंटी ठोकल्याचा आवाज रिकाम्या सभागृहात घुमायचा आणि घाव माझ्याच अंगावर बसल्यासारखा वाटायचा. बावन्न भोकं बुजली. शेवटी माझ्या चार भोकांपाशी ते आले, तेव्हा दारात नर्सबाई उभ्या होत्या. शंभरेक मतांनी कशाबशा निवडून आल्या होत्या.

"काका, माझी जागा बुजवताय होय?"

"हुकूम आहे, ताई." काकांची मान खाली होती. "आणि खोटं कशाला बोलू? मत पण मी त्यांनाच दिलं."

"माहितीये मला. तुमच्या अख्ख्या गल्लीतून मला सहा मतं पडली."

"रागावलात?"

"रागवायला वेळ कुठाय! पुलाचं विचारायचंय परवा."

"खांबामागून ऐकू जाईल? माइक नाही तिथं."

"वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारी बाई आहे मी. ऐकू जाईल, पण ऐकायला हवं ना कोणी."

त्या गेल्यावर काकांनी हातोडा खाली ठेवला. मग त्यांनी खुंट्या खिशात टाकल्या, एक मेणबत्ती काढली, मेण वितळवून त्यात भुसा कालवला आणि माझी चार भोकं त्या मेणाने भरली. वरून पॉलिशचा हात फिरवला. सचिवसाहेबांना काही कळलं नाही. मला मात्र काकांनी हळूच सांगितलं, "नुसत्या खिळ्यानं टोकरलं तरी निघेल रे."

अधिवेशन सुरू झालं. माझ्यावर आता जांभळे दोघं बसले होते. त्यांतला एक नदीकाठच्याच गावचा, तो पूल रोज बघणारा. दुसऱ्या दिवशी यादीत सतरावा विषय होता, पुलावरची अवजड गाड्यांची बंदी उठवणे. पलीकडे खाण सुरू व्हायची होती आणि तिच्या डंपरना वळसा नको होता. लोखंडी टेकू पुलाखालून जाणाऱ्या रस्त्याला आड येतो, म्हणून तोही काढायचा होता.

अध्यक्षांनी विचारलं, "सगळ्यांची संमती आहे?"

"हो!" छत हादरेल असा आवाज झाला.

"नाही!" खांबामागून बाई ओरडल्या. "भेग वाढलीय! आता कोपरापर्यंत हात जातोय! मतं मोजा!"

दहा जणांनी मागितली तरच मोजणी करायची, असा नियम होता. पूर्वी दहा जण सहज उभे राहत. आता तिघं उभे राहिले. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि अठरावा विषय पुकारला. समोरचा चहा निवायच्या आत सगळं संपलं. मित्रांनो, माझ्यावर बसलेल्या त्या नदीकाठच्या आमदाराने माझी कड घट्ट धरली होती. नखं लाकडात रुतली होती. त्याच्या तोंडून "नाही" एवढं एक निघालं असतं तर! पण तोही "हो"च म्हणाला. बघा, तुमच्यातल्या त्या टोकाला बसलेल्या मुलाच्या मांडीजवळ अजून ते ओरखडे आहेत.

पुढे गादीच्या खुर्च्या आल्या. माझे एकोणतीस भाऊ सरपणात गेले. गाठीचं लाकूड फोडायला अवघड म्हणून मला कोणी घेतलं नाही, त्यामुळे मी वाचलो आणि पाहुण्यांसाठी या बोळात आलो. इथून मला दार बंद असलं तरी आतला आवाज ऐकू येतो. आता नेहमी एकच शब्द ऐकू येतो. मला त्याची भीती वाटते.

डबे झाकलेत वाटतं. तुमच्यातली दोन वेण्यांची मुलगी कोणाची नात आहे, हे मी ती आली तेव्हाच ओळखलं. ते बघा, काका तुमच्या शाळेच्या बाईंशी बोलताहेत. आता त्यांच्या मिशा पार पांढऱ्या झाल्या आहेत.

"बाई, एवढं ऐका. नदीपलीकडं पोरांना घरी सोडायला जाताना पुलाच्या अलीकडं बस थांबवा, त्यांना उतरवा आणि चालत न्या."

"का हो, काका?"

"खांब धड नाही. डंपर जातात दिवसभर."

"अहो, पण बंदी उठवली ना सरकारने? सभागृहात एकमताने ठरलंय म्हणे. पूल धड असल्याशिवाय का ठरवतील? चला रे मुलांनो, उशीर होतोय."

खुंट्या ज्या हातांनी ठोकल्या, त्या हातांकडे काका बघत राहिले आहेत.

मित्रांनो, ते एकमत कसं झालं, हे मी पाहिलं आहे. मला ओरडता येत नाही, फक्त करकरता येतं. तुम्ही उठताना मी जोरात करकरेन, तेव्हा नुसतं "जुना बाक" म्हणून हसू नका. जो एकटा "नाही" म्हणतो, त्याची जागा जपा. ती बुजवली की पुढचं सगळं आपोआप बुजतं. दारातून आत गेलं की डावीकडच्या पहिल्या खांबापासून चार पावलांवर माझी जागा आहे. वर पॉलिश आहे, खाली मेण आहे. मोठे झालात की एक खिळा घेऊन या.

पण त्यासाठी आधी घरी पोहोचा. पूल आला की बस थांबवायला लावा, खाली उतरा, एकेक करून चाला. बाई नको म्हणाल्या तर सगळ्यांनी मिळून "नाही" म्हणा, मोठ्याने.