सात पावलांचं वाक्य

“तुम्ही माझं नाव खाल्लंत. पचलं का?”

कोशकाकांनी निमंत्रणपत्रिका चिटणिसांच्या चहाच्या कपाशेजारी आपटली. नाटकाला पन्नास वर्षं झाल्याची. नटांची नावं होती, रंगभूषाकाराचं होतं, फुलवाल्याचे आभारसुद्धा होते. अनुवादापुढे मात्र ‘संस्थेच्या संग्रहातून’. जणू परभाषेतलं नाटक कपाटातल्या झुरळांनीच आपल्या भाषेत आणलं!

“काका, बसा तरी. अनुवादाच्या जुन्या वहीचं पहिलं पान गहाळ आहे, आमचा काय दोष? तुमच्याकडे पुरावा असेल तर द्या.”

पुरावा! दिवसभर टपाल वेगळं करायचं आणि संध्याकाळी फाटका शब्दकोश मांडीवर घ्यायचा, अशी दोन वर्षं त्यांनी घासली होती. नट मंचावर जितकी पावलं टाकणार, तितकंच लांब वाक्य, हा त्यांचा नेम. म्हणून ते खोलीत येरझारा घालत लिहायचे. शेजारी बायको त्याच नाटकाचे कपडे शिवायची. “अहो, फरशी झिजली तर घरमालक हाकलेल. मग बसा परभाषेत रडत.”

तिसऱ्या अंकात आई मुलाचं घर सोडून जाते. मूळ नाटकात ती मुकाट जाते. पण इथला मंच ऐसपैस. खुर्चीपासून दारापर्यंत सात पावलं. रंगीत तालमीला त्या सात पावलांत सगळा हॉल खोकला. विंगेत नटीच्या पदराला टाके घालणारी बायको फणकारली, “घर सोडताना बाई गप्प जाते होय? ती म्हणेल, दूध झाकून ठेवलंय. किल्ली खिळ्याला आहे. हाक मारू नका, मी वळेन.”

काकांनी तिथल्या तिथे ते वहीत उतरवलं. मोजलं. बरोब्बर सात पावलं.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आज पत्रिकेच्या पाठीवर तेच वाक्य छापलेलं, खाली परक्या नाटककाराचं नाव.

काकांनी पिशवीतून मूळ पुस्तक काढलं. तिसऱ्या अंकात, आई मुकाट जाते त्या पानावर, खूण होती. “हे बघा, यात...”

“बरं झालं आणलंत!” चिटणीस खूश झाले. “नवे दिग्दर्शक मुळाबाहेरचा शब्द ठेवत नाहीत. आमच्या मूळ प्रतीला तिसरा अंकच नाही; पहिल्या दोनांतून कालच दोन वाक्यं उडवली. तुम्ही काही घुसडलं असेल तर दाखवा. तुमचं नाव छापू, ते कापू. सरळ हिशेब.”

काकांचं बोट खुणेवरच राहिलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

“नाही. पुरावा नाही.”

आत तालीम चालली होती. चिटणिसांनी त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं, शेजारी स्वतः बसले. नटी खुर्चीवरून उठली. काका मांडीवर बोटांनी पावलं मोजू लागले. दूध झाकून ठेवलंय. दोन. किल्ली खिळ्याला आहे. चार. हाक मारू नका, मी वळेन. सात.

कोणी खोकलं नाही.

“काय लिहितात हो हे परदेशी!” चिटणीस डोळे टिपत म्हणाले.

काका उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

“चिटणीस, पन्नास वर्षं ही बाई तुमच्या मंचावरून जाते आहे. ती कुणाच्या घरची, एवढं विचारायला एकाचीही जीभ का वळली नाही? बोला. मी थांबलोय.”