खिडकीपाशी सोडलेली जागा

“झालं! आता हसून दाखवा म्हणावं,” असं म्हणत दादाने ब्रश पुसला आणि दोन पावलं मागे सरून चित्राकडे समाधानाने पाहिलं.

दादा घरं रंगवायचा. माणूस तोंडाने फटकळ, पण काम चोख. त्याने हात फिरवलेल्या भिंतीवर बोट ठेवायला जागा नसे. त्याची धाकटी बहीण चित्रं काढायची. आज ती आधुनिक चित्रकलेच्या पहिल्या मानकऱ्यांत गणली जाते आणि तिने इतके मोजकेच रंग का वापरले यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. खरं कारण सोपं आहे. दादाच्या डब्यांत उरेल तो रंग तिच्या वाट्याला यायचा, आणि लोक भिंतींना फिकट निळा नि दारांना तपकिरी सोडून दुसरं काही लावायला तयार नसत.

मागच्या प्रदर्शनात तिच्या चित्रासमोर लोक खोखो हसले होते. “रंग संपला वाटतं बाईंचा!” असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं, तेव्हा दादाने तिथेच बाह्या सरसावल्या होत्या. तिनेच त्याला ओढत बाहेर आणलं.

यंदाच्या चित्रावर ती वर्षभर खपली होती आणि दुपारी ते टेम्पोतून जायचं होतं. टेबल, शिलाई मशीन, खिडकी, सगळं तिच्या पद्धतीचं वाकडंतिकडं. खिडकीपाशी मात्र माणूसभर जागा कोरी होती. दादाला वाटलं, घाईत राहून गेलं पोरीचं. ती अंघोळीला गेली तेवढ्यात त्याने निळा रंग कालवला आणि ती जागा अशी भरली, की जोड कुठे आहे ते शोधून सापडू नये.

ओले केस टॉवेलने पुसत ती बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

“काय गं? शेड चुकली का?”

“दादा, तिथं काही नव्हतं रे.”

“तेच म्हणतोय मी! पुन्हा नावं ठेवली असती लोकांनी.”

“तिथं आई बसायची ना.”

दादाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. लोकांचे कपडे शिवून त्या बाईने दोघांना वाढवलं होतं, त्याच खिडकीपाशी, त्याच मशीनवर.

“कागदावर शंभरदा काढली तिला,” धाकटी म्हणाली. “दर वेळी दुसरीच कुणीतरी बाई यायची. शेवटी काहीच काढलं नाही, तेव्हा कुठं आई आली.”

दादाने टर्पेंटाइनची बाटली घेतली, फडकं भिजवलं आणि गुडघे टेकून पुसायला बसला. आयुष्यात कधी कुठली भिंत त्याने इतक्या हलक्या हाताने पुसली नसेल. रंग निघाला, पण चित्राच्या कापडाच्या विणीत निळसर झाक उरली. तो पुसतच राहिला. अखेर तिने त्याचं मनगट धरलं.

“बस. फाटेल आता.”

“पांढरं होत नाही गं.”

“नाही व्हायचं.”

असू दे, काही बिघडलं नाही, असं ती म्हणाली नाही. बिघडलं होतंच. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. दादाची मान वर होईना. तेव्हा तिनेच चित्राची एक बाजू उचलली आणि म्हणाली, “धर तिकडून. जिन्यात जपून.”

प्रदर्शनाच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला, पण चित्रापासून चार हात लांबच उभा राहिला. थोड्या वेळाने दोन गृहस्थ आले आणि चित्राला अगदी चिकटून न्याहाळू लागले.

“हे पाहा, इथं पुसलंय,” एक जण हसला. “जमलं नसेल!”

दादा तरातरा पुढे निघाला. धाकटीने त्याची बाही धरली, पण ती हातातून सुटली.

दादा त्या दोघांजवळ जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “साहेब, जरा बाजूला सरकता का? आईचा उजेड अडतोय.”

त्यांना काही कळलं नाही, पण ते सरकले.